हिवाळ्यात उशिरा उजळणारा मॉनिटर

डिसेंबरच्या सकाळी दुकान उघडलं, संगणक सुरू केला, पण मॉनिटर काही लागत नाही. बटणाशेजारचा दिवा लुकलुकतो, पडदा क्षणभर उजळतो आणि पुन्हा काळा पडतो. चारपाच वेळा बटण दाबून झालं की दहापंधरा मिनिटांनी चित्र येतं. मग रात्री शटर खाली ओढेपर्यंत एकही तक्रार नाही. हाच मॉनिटर दिवाळीपर्यंत पहिल्या दाबाला लागत होता. मग थंडीनं त्याला नेमकं काय होतं?

नागपुरातले डीटीपीवाले, झेरॉक्सची दुकानं, शिकवणी वर्ग, शाळांच्या संगणक खोल्या अशा ठिकाणी सतरा-एकोणीस इंची जुने एलसीडी मॉनिटर अजून कामाला आहेत, आणि हा प्रश्न तिथूनच येतो. उत्तर थोडक्यात असं : बिघाड थंडीनं झालेला नसतो. तो वर्षानुवर्षांच्या मे महिन्यांत साचत आलेला असतो आणि थंडी तो उघड करते. म्हणूनच अशा मॉनिटरचं निदान करताना पहिला प्रश्न ‘काय होतं?’ हा नसावा. ‘कधी होतं?’ हा असावा.

१. मॉनिटरच्या पोटातला सप्लाय

मॉनिटरच्या आत साधारण दोन पाट्या असतात. एक चित्राची आणि दुसरी सप्लायची. आपली गोष्ट दुसरीची आहे. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. पण चित्राच्या पाटीला हवे असतात जेमतेम ५ व्होल्ट, पडद्यामागच्या दिव्यांच्या इन्व्हर्टरला बहुधा १२ ते २० व्होल्ट, आणि तेही एकाच दिशेनं वाहणारे, शांत, न थरथरणारे.

हे काम टप्प्याटप्प्यानं होतं. आधी चार डायोड २३० व्होल्टच्या विजेला एका दिशेला वळवतात आणि तिथे जवळजवळ ३२५ व्होल्ट तयार होतात. आकडा मोठा दिसतो, कारण २३० हे त्या लाटेचं सरासरी बळ मोजणारं माप आहे, तिचं शिखर ३२५ वर असतं. मग एक चिप ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवते. पलीकडे कमी व्होल्टची वीज मिळते, पण तुकड्यातुकड्यांनी, धक्क्याधक्क्यांनी. ते धक्के गिळून सपाट वीज देणारा भाग म्हणजे कपॅसिटर. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. नळाला पाणी येतं ते ठरावीक वेळी, पण घरात धार दिवसभर सारखी हवी असते. टाकी मधे बसून हा मेळ घालते. टाकी किती मोठी, हे कपॅसिटरच्या बाबतीत मायक्रोफॅरड या मापात सांगतात. पण टाकीला आणखी एक गुण लागतो. तिच्यातून खाली येणारा पाईप मोकळा हवा. त्यात चुना साचला तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही दोन नळ एकदम उघडले की धार करंगळीएवढी होते. कपॅसिटरमधल्या या अडथळ्याला अंतर्गत रोध म्हणतात. मीटरवर आणि दुकानात तो ‘ईएसआर’ या नावानं ओळखला जातो. जुन्या मॉनिटरचा बहुतेक घोटाळा या पाईपचा असतो, टाकीच्या आकाराचा क्वचितच.

२. डब्यात काय भरलेलं असतं

सप्लायच्या पाटीवर उभे दिसणारे छोटे दंडगोल म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आत अॅल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या, मधे एका द्रवात भिजवलेला कागद, आणि हे सगळं घट्ट गुंडाळून अॅल्युमिनियमच्या डब्यात बसवलेलं. बुडाला रबराचं बूच, त्यातून दोन पाय बाहेर.

एका पट्टीवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. विजेचा साठा याच थरामुळे होतो. जाडी किती? दर व्होल्टला साधारण दीड नॅनोमीटरपेक्षा थोडी कमी. २५ व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये हा थर मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास असतो. एवढ्या पातळ थरामुळेच बोटाच्या पेराएवढ्या डब्यात १००० मायक्रोफॅरड मावतात.

द्रवाची दोन कामं आहेत. तो ऑक्साइडच्या खडबडीत पृष्ठभागातल्या प्रत्येक खाचेपर्यंत वीज पोहोचवतो, आणि थराला कुठे बारीकसा तडा गेला तर तिथे नवा ऑक्साइड तयार करून तो बुजवतो. हा द्रव आहे तोवर कपॅसिटर जिवंत आहे. पण बूच रबराचं आहे, आणि रबरातून वाफ फार हळू का होईना, निसटत राहते. द्रव कमी झाला की कागद कोरडा होत जातो, वीज वाहून नेणारी वाट अरुंद होते आणि अंतर्गत रोध वाढतो.

३. मे महिन्याचा हिशेब

कपॅसिटर बनवणारे डब्यावर तापमान छापतात, ८५ अंश किंवा १०५ अंश, आणि माहितीपत्रकात त्या तापमानाला किती तास टिकेल हे देतात. स्वस्त मालात हा आकडा बहुधा २००० तास असतो. एक ढोबळ नियम धंद्यात सर्वमान्य आहे : तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, १० अंशांनी चढलं की निम्मं.

आता नागपूरचा हिशेब मांडू. इथे मे महिन्यात दुपारचं सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असतं. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंशांवर गेलं होतं. बहुतेक मॉनिटरांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. म्हणजे टिनाच्या छपराखालच्या खोलीत मेअखेरीच्या होरपळवणाऱ्या नवतपाच्या दिवसांत मॉनिटर बटण दाबण्याआधीच मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे उभा असतो. खोली ४० अंशांवर धरली, बंद खोक्याची आतली ऊब मिळवली आणि डायोडच्या तापलेल्या पत्र्याला चिकटून बसलेला कपॅसिटर पाहिला, तर त्याच्या अंगाचं तापमान ७५ अंश धरायला हरकत नाही.

१०५ अंश, २००० तासवाला कपॅसिटर ७५ अंशांवर, म्हणजे ३० अंश खाली चालतो. तीन वेळा दुप्पट करा : १६,००० तास. रोज आठ तास वापर म्हटला तर २००० दिवस, साधारण साडेपाच वर्षं. तोच कपॅसिटर तापल्या पत्र्यापासून बोटभर दूर, ६५ अंशांवर असता, तर अकरा वर्षं. आणि कारखान्यानं काटकसर म्हणून तिथे ८५ अंशांचा बसवला असेल तर? फक्त १० अंशांची सूट मिळते : ४००० तास, म्हणजे दीड वर्षही नाही. प्रत्यक्षात बाराही महिने मे नसतो, म्हणून हे आकडे अंदाजाचे. पण एकाच दुकानात एकाच दिवशी घेतलेल्या दोन मॉनिटरांपैकी एक लवकर का जातो, ते यातून कळतं.

कूलरचा एक मुद्दा जोडतो. कूलर खोली थंड करतो, त्यामुळे कपॅसिटरला तो बराच. पण मॉनिटर त्याच्या थेट झोतात ठेवू नये. ओलसर हवा आणि शहरातली धूळ मिळून पाटीवर एक चिकट थर बसवतात. त्यातून वीज गळते आणि आतल्या जाळ्या बुजतात.

४. दोष सगळा उन्हाचा नाही

सुमारे १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या मालात जगभर एक साथच आली होती. काही कारखान्यांच्या कपॅसिटरमधला द्रव पाण्याचं प्रमाण जास्त असलेला आणि नीट संरक्षण न घातलेला होता. पाणी अॅल्युमिनियमला खाऊ लागलं, हायड्रोजन वायू तयार झाला, डबे फुगले, फुटले. २००५ मध्ये डेल कंपनीनं मुख्यतः याच कारणानं बिघडलेल्या संगणकांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. पुढे २०१२ मध्ये सॅमसंगनं अमेरिकेतल्या एका खटल्यात तडजोड करून, सप्लायच्या कपॅसिटरमुळे उशिरा लागणाऱ्या किंवा टिकटिक करत बंद-चालू होणाऱ्या टीव्हींची दुरुस्ती मान्य केली. लक्षणं पाहिलीत? आपल्या डिसेंबरातल्या मॉनिटरचीच.

५. थंडीत काय होतं

चांगल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध समजा ०.०५ ओहम आहे आणि त्यातून १.५ अँपिअरचे धक्के जातात. दोन्हींचा गुणाकार ०.०७५ व्होल्ट, म्हणजे ५ व्होल्टवर नगण्य थरथर. आता द्रव आटला आणि रोध १ ओहम झाला. थरथर १.५ व्होल्ट! ५ व्होल्ट मागणाऱ्या चिपला कधी चार मिळतात, कधी त्याहून कमी. ती गोंधळते आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय उष्णता पाहा. आधी त्या डब्यात ०.११ वॅट निर्माण होत होते, आता सव्वादोन वॅट. एवढ्या लहान डब्यात सव्वादोन वॅट म्हणजे तो स्वतःलाच भाजतो, द्रव आणखी आटतो, रोध आणखी वाढतो. म्हणून शेवटचा उतार भराभर होतो.

थंडीत उरलासुरला द्रव घट्ट होतो आणि वीज वाहण्याची त्याची ताकद घटते. नव्या कपॅसिटरला याचा फरक जाणवत नाही, त्याच्याकडे भरपूर शिल्लक असते. अर्धा आटलेला मात्र याच वेळी तोकडा पडतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा सकाळी मे महिन्यांत होरपळलेला प्रत्येक कपॅसिटर आपली खरी अवस्था सांगून टाकतो. बटण पुन्हा पुन्हा दाबल्यावर आतून जाणारे धक्केच त्याला गरम करतात, द्रव पातळ होतो, रोध उतरतो आणि चित्र येतं.

कित्येक जण यावर एक तोड काढतात : मॉनिटर रात्रंदिवस चालूच ठेवायचा. मला ही तोड अजिबात पटत नाही. आठ तासांची झीज चोवीस तास सुरू होते आणि मग एक दिवस लाईट जाते. लाईट आल्यावर मॉनिटर कायमचा गप्प असतो आणि दोष मात्र विजेच्या झटक्यावर जातो.

लाईट गेल्यावरच का? याचं कारण एका लहानशा कपॅसिटरमध्ये आहे. सप्लायच्या चिपला स्वतःला सुरू व्हायलाही वीज लागते. यूसी३८४२ ही अनेक सप्लायमध्ये आढळणारी चिप घ्या. तिच्याजवळचा कपॅसिटर, समजा ४७ मायक्रोफॅरडचा, हळूहळू १६ व्होल्टपर्यंत भरतो आणि चिप जागी होते. ट्रान्सफॉर्मरकडून नियमित वीज मिळू लागेपर्यंत तिला याच साठ्यावर जगायचं असतं. साठा १० व्होल्टच्या खाली गेला की ती पुन्हा बंद. चिप १५ मिलिअँपिअर घेत असेल तर ४७ मायक्रोफॅरडवर तिला सुमारे १९ मिलिसेकंद मिळतात. कपॅसिटर वाळून १० मायक्रोफॅरडवर आला तर जेमतेम ४. तेवढ्यात सप्लाय उभा राहत नाही. चिप झोपते, साठा पुन्हा भरतो, ती पुन्हा उठते, पुन्हा झोपते. कान देऊन ऐकलं तर आतून टिक… टिक… ऐकू येतं. एकदा सुरू झालेला मॉनिटर मात्र या दोषासह महिनोन्महिने चालू शकतो, कारण त्याला पुन्हा उठण्याची वेळच येत नाही.

६. झाकण न उघडता

आता निदान. आधी साध्या गोष्टी बाद करा. पॉवरची वायर बदला, चित्राची केबल बदला, मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. हे पायरीवरून उडी मारण्याचं काम नाही. सैल वायरीपायी उघडलेले मॉनिटर थोडे नाहीत.

मग अंधार करून काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अंधूक चित्र दिसलं तर चित्राची पाटी ठीक आहे, दिवे पेटत नाहीत एवढंच. दोष दिव्यांत किंवा इन्व्हर्टरमध्ये असू शकतो, किंवा त्यांना वीज पुरवणाऱ्या कपॅसिटरमध्ये. टॉर्चनंही काहीच दिसत नसेल आणि बटणाचा दिवाही मेलेला असेल तर दोष सप्लायच्या मुळाशी शोधायचा.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात मोलाची वाटते. मॉनिटर रात्रभर बंद, थंड राहू द्या. सकाळी लावून पाहा आणि काय होतं ते लिहून ठेवा. मग प्लग काढून मागच्या जाळ्यांतून केस वाळवायच्या ड्रायरनं एकदोन मिनिटं बेतानं गरम हवा द्या आणि लगेच पुन्हा लावा. गरम झाल्यावर पहिल्या दाबाला लागला तर संशय कपॅसिटरवर पक्का होतो. सुटलेला टांकाही कधी गरमीनं जुळतो, म्हणून बाजूला हलकी थाप मारून बघा. थापेनं चित्र येत-जात असेल तर टांका. थापेचा काही परिणाम नसेल आणि ऊब तेवढी लागू पडत असेल तर कपॅसिटर.

७. झाकण उघडल्यावर

इथून पुढचं काम ज्याला सोल्डरिंग आणि मीटर सवयीचं आहे त्यानंच करावं. काचेच्या मोठ्या पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर असेल तर घरी उघडूच नये, तिथे वीस हजार व्होल्टच्या पुढची गोष्ट असते. एलसीडीतही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. १२० मायक्रोफॅरडमध्ये सहा ज्यूलहून जास्त ऊर्जा मावते. पेचकसानं दोन पाय जोडून ठिणगी काढायची पद्धत वाईट आहे. २ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी लावा, दीड सेकंदात काम होतं. मग मीटर लावून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करूनच हात घाला.

आता पाहा. डब्याच्या माथ्यावर फुलीसारख्या किंवा फाट्यासारख्या खाचा असतात. वायूचा दाब वाढला की डबा तिथून फाटावा म्हणून त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. माथा सपाट हवा. बोटाला उंचवटा लागला तरी तो कपॅसिटर गेला. माथ्यावर तपकिरी खपली, बुडाशी ओलसर डाग, एका बाजूला उचललेलं बूच, याही खुणाच. मात्र बुडाशी दिसणारा पिवळट डिंक पुष्कळदा कारखान्यानंच लावलेला असतो.

सगळे माथे सपाट दिसले तर? इथेच घाईचा मेकॅनिक हात टेकतो आणि पूर्ण पाटी बदलायला सांगतो. आत वायू तयार न होता नुसता द्रव आटला तर डबा फुगत नाही. चिपजवळचा तो छोटा कपॅसिटर तर फुगलेला क्वचितच दिसतो. म्हणून डोळ्यांवर थांबू नये.

८. मीटर काय सांगतं

सप्लायच्या पाटीकडून चित्राच्या पाटीकडे जाणाऱ्या जोडणीशेजारी व्होल्ट बहुधा छापलेले असतात. थंड मॉनिटर लावताक्षणी तिथे काय होतं ते बघा. ५ व्होल्टच्या ठिकाणी पावणेपाच ते सव्वापाचच्या आत काटा स्थिर हवा. तो साडेतीन-चारवर नाचत असेल तर पुढे फार शोधायची गरज उरत नाही.

चित्र दोन सेकंद येऊन जात असेल तर दिव्यांना जाणाऱ्या व्होल्टवर नजर ठेवा. दिवे पेटताना ते १२ वरून ८-९ वर कोसळत असतील तर दोष बहुधा सप्लायच्या कपॅसिटरचा. ते ढळले नाहीत आणि तरी दिवे विझले तर दिवा म्हातारा झालेला किंवा इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर गेलेला. विझण्याआधी पडदा तांबूस दिसत असेल तर दिव्यावरचा संशय अधिक घट्ट.

मीटर एसीवर ठेवून याच जागी थरथर मोजता येते. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर कपॅसिटर दोषी. पण काही दिसलं नाही म्हणून त्याला निर्दोष ठरवू नका, कारण स्वस्त मीटर इतकी जलद थरथर पकडूच शकत नाही. तीच अडचण मायक्रोफॅरड मोजण्याची. १००० चा कपॅसिटर काढून मोजला, ९०० आला, बहुतेकांच्या वीस टक्क्यांच्या सवलतीत तो बसतो, म्हणून परत लावला आणि बिघाड तसाच राहिला, हे दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी घडतं. टाकीचा आकार मोजला, पाईप मोजलाच नाही. ज्याला असे चारदोन मॉनिटर सांभाळायचे आहेत त्यानं ईएसआर मीटर घ्यावा.

९. बदलताना

मायक्रोफॅरड तेच. व्होल्ट तेच किंवा एक पायरी वर. तापमान १०५ अंशच, आणि दुकानात ‘लो ईएसआर’ असं स्पष्ट मागायचं. उंची आणि जाडी पट्टीनं मोजून न्यायची, नाहीतर मागचं झाकण बसत नाही. नागपूरच्या बर्डीवर किंवा कुठल्याही बाजारात जुने काढलेले, वर नवं वेष्टन चढवलेले कपॅसिटर गळ्यात पडू शकतात. पायांवर जुन्या टांक्याची खूण शोधा.

एक फुगला असेल तर कमी व्होल्टच्या बाजूचे सगळे बदला, आणि चिपजवळचा तो छोटाही. सगळ्यांनी तेच उन्हाळे काढलेले असतात. मोठा ३२५ व्होल्टवाला सहसा ठीक निघतो, तो मोजून ठरवावा. डब्यावरची पट्टी ऋण पाय दाखवते. जुना काढण्याआधी पाटीचा फोटो घ्या, कारण पाटीवर छापलेल्या खुणा सगळ्याच कारखान्यांच्या सारख्या नसतात. उलटा लागलेला कपॅसिटर फुटतो.

पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर सप्लाय ठीक. तो लखलखत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे; पाटी जळण्याआधी तुमच्या लक्षात येईल. गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मॉनिटरलाही हीच रीत बरी, कारण न वापरता ऑक्साइडचा थर विरत जातो आणि एकदम पूर्ण व्होल्ट त्याला सोसत नाहीत.

व्होल्ट ठाम असूनही दिवे विझत असतील तर प्रश्न कपॅसिटरचा राहिला नाही. जुन्या एलसीडीतले ते बारीक नळीचे दिवे मिळणं आता कठीण झालं आहे. अशा मॉनिटरचा स्टँड, केबल आणि चित्राची पाटी दुसऱ्या कुणाच्या कामी येते, ती काढून ठेवावी. नळ्यांत पारा असतो. त्या फोडू नयेत, भंगारवाल्याच्या पोत्यातही टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा.